द्राक्षं आंबटच हवीत

आजचा एपिसोड वाईनवर आहे. आई, तू हा स्किप कर.

मी जालन्याचा. आमच्या घरी वाईन, बिअर, देशी, सगळ्याला एकच शब्द: दारू. त्यामुळे पहिली व्हाइट वाईन प्यायलो ती पुण्यात नोकरी लागल्यावर. इटलीची पिनो ग्रीजो, फिक्कट आणि थंडगार. पहिल्याच घोटाला जबड्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी सुटलं, चिंच बघितल्यावर सुटतं तसं. मागून मोसंबीच्या सालीचा बारीक कडवटपणा. आता मोसंबी ओळखायला जालनेकराला कोणी शिकवायची गरज नाही.

पण डोक्यात किडा शिरला. माझे मामा कडवंचीला द्राक्षं लावतात. शेततळ्यांच्या जोरावर बागा उभ्या केलेलं हे गाव. तिथे 'आंबट' ही शिवी आहे. "आंबट निघालं तं व्यापारी गाडी वापस नेतो," असं मामा म्हणतात. मग या वाईनला तोच आंबटपणा कशाला हवा?

जरा मागे जाऊ. 14व्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादला आला होता. इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा पिकतात, अशी नोंद त्याने केलीय. आपल्याला वाटतं, वा, डबल माल! पण वाईनवाल्यासाठी खरी अडचण तीच. इटलीत कडाक्याच्या थंडीत वेल पानं गाळून झोपते. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही, म्हणून वेल झोपतच नाही. मोकळी सोडली तर ऐन पावसाळ्यात घड धरेल आणि सडेल.

म्हणून आपले शेतकरी दोनदा छाटतात. एप्रिलला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. मग घड हिवाळ्यात भरतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत काढणी होते. यात रात्रीचा गारवा फार महत्त्वाचा. उन्हाच्या तडाख्यात मण्यातलं आम्ल झपाट्याने कमी होतं, गार रात्री ते टिकतं. वाईनच्या द्राक्षात साखर भरपूर लागतेच, पण आम्लही शिल्लक लागतं. ते गेलं की वाईन मिळमिळीत, सरबतात लिंबू पिळायचं राहिल्यासारखी.

महाराष्ट्रात हे गणित जमवायला वेळ लागला. 1980च्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्राने फेसाळ वाईन काढली. 2001मध्ये सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. त्यानंतर काही वर्षांनी सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली उभी राहिली. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची, अशी तीन घरची भावंडं. वाईन बनवायला टस्कनीचे पिएरो मासी. सोलापूरच्या उन्हात टस्कनी! त्यांनी सांजोव्हेझे या काळ्या द्राक्षाची पांढरी वाईनही काढली. रंग सालीत असतो. साल लगेच बाजूला केली की रस जवळपास पांढराच.

गेल्या फेब्रुवारीत तिकडे गेलो होतो. येताना डब्यात वाईनची थोडी द्राक्षं आणली. मामा माळकरी, त्यांना वाईन देणं शक्यच नव्हतं. त्यांनी एक मणी तोंडात टाकला, बी थुंकली.

"गोड हाय रे. पण मागून आंबट येतंय."

"तेच तर हवं असतं, मामा."

"मग भाव काय देतेत?"

इथे मी अडकलो. 2008 नंतरच्या मंदीत वाईनची मागणी घसरली आणि नाशिककडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी बागा उपटून टाकल्या. बिया असलेला, बारीक, जाड सालीचा हा मणी मंडईत कोण घेणार? वायनरीने पाठ फिरवली की दुसरं गिऱ्हाईकच नाही.

हे सांगितल्यावर मामांनी डबा माझ्याकडे सरकवला आणि थॉमसनच्या ओळीत औषध मारायला निघून गेले.