डेट्रॉईट : शहर कुणाचं देणं लागतं?

आजचा विषय डेट्रॉईट. आपल्यापैकी काहींची मुलं, पुतणे, भाचे तिकडे मोटार कंपन्यांत काम करतात. ‘डेट्रॉईटला असतो’ असं आपण सांगतो. प्रत्यक्षात यातले बरेचजण ट्रॉय, नोव्हाय अशा उपनगरांत राहतात. तिथे प्रत्येक उपनगराची नगरपालिका वेगळी, कर वेगळे, शाळा वेगळ्या. हा फरक किरकोळ वाटेल, पण आजच्या विषयाचा अर्धा भाग या फरकातच आहे.

या शहराबद्दल तीन बातम्या आपण ऐकलेल्या असतात. 2013 साली शहराने दिवाळखोरी जाहीर केली. 2014 मध्ये हजारो घरांचे नळ तोडले. 2020 मध्ये कोविडने तिथे फार माणसं नेली. वर्तमानपत्रात या तीन स्वतंत्र बातम्या असतात. माझं म्हणणं असं आहे, की या एकाच खातेवहीतल्या तीन नोंदी आहेत. ते कसं, हे क्रमाने पाहू.

आधी भरभराटीचा काळ. 1913 साली हेन्री फोर्डने हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडायला सुरुवात केली. एकच काम दिवसभर करून कामगार कंटाळायचे, नोकरी सोडून जायचे. म्हणून जानेवारी 1914 मध्ये फोर्डने आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर देऊ केले, म्हणजे आधीच्या मजुरीच्या जवळजवळ दुप्पट. युरोपातून आणि अमेरिकेच्या दक्षिणेतून लोक लोटले. दुसऱ्या महायुद्धात मोटारींचे कारखाने रणगाडे आणि विमानं करू लागले. 1950 च्या जनगणनेत डेट्रॉईटची लोकसंख्या 18,49,568 होती. अमेरिकेतलं ते पाचव्या क्रमांकाचं शहर होतं.

2020 च्या जनगणनेत हाच आकडा 6,39,111 आहे. तीन माणसांतली दोन गेली. का गेली?

नेहमीचं उत्तर असतं, ‘1967 ची दंगल’. जुलै 1967 मध्ये तिथे मोठा उद्रेक झाला, 43 माणसं मेली, हे खरंच आहे. पण इतिहासकार टॉमस सग्रू यांनी ‘द ओरिजिन्स ऑफ द अर्बन क्रायसिस’ या 1996 च्या पुस्तकात दाखवलं, की घसरण त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. 1947 ते 1963 या काळात शहराने कारखान्यांतल्या सुमारे 1,34,000 नोकऱ्या गमावल्या. म्हणजे ज्या काळाला आपण अमेरिकन मोटारीचं सुवर्णयुग म्हणतो, त्याच काळात. जुने कारखाने बहुमजली होते. नव्या पद्धतीला एकमजली, ऐसपैस शेड लागत. जागा स्वस्त होती शहराबाहेर, आणि तिकडे संघटनाही कमजोर होत्या. कारखाने निघाले, त्यांच्यामागे गोरे कामगार निघाले. पॅकार्डचा भलाथोरला कारखाना 1956 मध्येच बंद पडला.

काळ्या कामगाराला मात्र मागे जाता आलं नाही. त्याला उपनगरात घर मिळत नव्हतं. शहराच्या उत्तर सीमेवर एट माईल रोड आहे. त्याच्याजवळ 1941 साली एका बिल्डरने भिंत बांधली. सुमारे सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. एका बाजूला काळ्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांसाठी नवी घरं. काळ्यांच्या शेजारच्या घरांच्या कर्जाला सरकारी हमी मिळत नव्हती. भिंत उभी राहिली, आणि हमी मिळाली. ती भिंत आजही आहे. आपल्याकडे वेशीबाहेरच्या वस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही भिंत वेगळी समजावून सांगायला नको.

इथे मुंबईची आठवण होणं साहजिक आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव कायमचं बदललं. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. मुंबईत गिरण्या बंद पडल्या, तेव्हा गिरण्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. कामगार गेला, पण जमिनीवर टॉवर उठले. डेट्रॉईटमध्ये उलटं झालं. कारखाना गेला आणि जमिनीची किंमतही गेली. महापालिकेचं उत्पन्न घरपट्टीवर आणि आयकरावर. घरं ओस, माणसं बेकार, तर कर कोण भरणार? शहराचा विस्तार मात्र तेवढाच, सुमारे 360 चौरस किलोमीटर. अठरा लाख माणसांसाठी घातलेल्या जलवाहिन्या, रस्ते, दिवे आता सात लाखांनी सांभाळायचे. 2013 पर्यंत शहरातले सुमारे 40 टक्के रस्त्यांवरचे दिवे बंद होते, आणि सुमारे 78,000 इमारती ओसाड होत्या.

मग कर्ज. 2005 च्या सुमारास पेन्शन फंडाची तूट भरायला शहराने 1.4 अब्ज डॉलर उभे केले, आणि व्याजदर वाढतील असं धरून बँकांशी करार केले. 2008 च्या अरिष्टात दर कोसळले, आणि तेच करार गळ्याशी आले. राज्य सरकारकडून येणारा वाटाही आटत गेला. मार्च 2013 मध्ये राज्यपालांनी केव्हिन ऑर यांना आपत्कालीन व्यवस्थापक नेमलं. निवडून आलेले महापौर आणि नगरसेवक नावापुरते उरले. 18 जुलै 2013 ला शहर दिवाळखोरीच्या न्यायालयात गेलं. देणं होतं सुमारे 18 अब्ज डॉलर. एवढ्या रकमेची दिवाळखोरी अमेरिकेतल्या कुठल्याही शहराने आधी केली नव्हती.

आता तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे रस का वाटावा? दिवाळखोरीच्या न्यायालयात एक प्रश्न उघडपणे विचारला जातो, जो एरवी कुणी विचारत नाही : पैसे सगळ्यांना पुरणार नाहीत, तर आधी कुणाला द्यायचे? रांगेत रोखेधारक होते, बँका होत्या, आणि निवृत्त कर्मचारी होते. कुणी बस चालवलेली, कुणी कचरा उचललेला, कुणी आगी विझवलेल्या. मिशिगनच्या राज्यघटनेत सरकारी पेन्शनला संरक्षण आहे. तरीही डिसेंबर 2013 मध्ये न्यायाधीश स्टीव्हन रोड्स यांनी निर्णय दिला, की संघीय दिवाळखोरी कायद्यापुढे पेन्शनलाही कात्री लागू शकते.

मी स्वतः पेन्शनवर जगणारा माणूस, त्यामुळे यात मी अगदी तटस्थ आहे असं म्हणत नाही. आपल्याकडे 17 डिसेंबर 1982 ला सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात सांगितलं, की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खैरात नाही, ती केलेल्या कामाची आहे. म्हणून तो दिवस आपण पेन्शनर दिन म्हणून पाळतो. डेट्रॉईटच्या निवृत्तांचा युक्तिवाद याहून वेगळा नव्हता.

त्यातून वाट निघाली ती मोठी विलक्षण. शहराच्या मालकीचं तेव्हा एक कलासंग्रहालय होतं, डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स. धनकोंची नजर तिथल्या चित्रांवर गेली. शहराच्या पैशांतून घेतलेल्या कलाकृतींचं मोल क्रिस्टीजने 45 ते 87 कोटी डॉलरच्या दरम्यान ठरवलं. शेवटी खासगी प्रतिष्ठानं, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून वीस वर्षांत सुमारे 81 कोटी 60 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. चित्रं वाचली. सामान्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शनमध्ये 4.5 टक्के कपात झाली आणि महागाईची वाढ गेली. पोलीस आणि अग्निशामक दलाची मूळ पेन्शन राहिली. याला ‘ग्रँड बार्गेन’ म्हणतात, आणि त्याचं कौतुकही होतं. पण निवृत्तांच्या आरोग्यविम्याचं जे देणं होतं, ते सुमारे 90 टक्क्यांनी कापलं गेलं. त्याआधीच, 2012 मध्ये, शहराने आपल्या आरोग्यखात्याचं बहुतेक काम एका बाहेरच्या संस्थेकडे सोपवलं होतं. ते खातं नंतर पुन्हा उभं करावं लागलं. या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट पाण्याची. 2014 मध्ये, दिवाळखोरीचं प्रकरण चालू असताना, थकबाकीदारांचे नळ तोडायची मोठी मोहीम निघाली. पाणीपट्टी सतत वाढत गेलेली, आणि घरात कमावणारं कुणी नाही. संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ येऊन पाहून गेले. तरी पुढच्या काही वर्षांत लाखाहून अधिक वेळा नळ तोडले गेले. आणि हे शहर जगातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या साठ्यांपैकी एकाच्या शेजारी, भरलेल्या नदीच्या काठावर वसलेलं आहे!

आता 2020. 10 मार्चला मिशिगनमध्ये पहिले दोन रुग्ण जाहीर झाले. त्याच्या आदल्या दिवशी, 9 मार्चला, राज्यपाल आणि महापौरांनी घोषणा केली, की तोडलेले नळ पुन्हा जोडले जातील; पहिल्या महिन्याचं बिल राज्य भरेल, पुढे महिन्याला 25 डॉलर. कारण हात धुवा म्हणून सांगायचं, तर नळाला पाणी हवं.

जरा थांबून विचार करा. थकबाकी तीच होती, माणसं तीच होती. सहा वर्षं जे ‘परवडत नाही’ म्हणून सांगितलं, ते एका दिवसात परवडलं. बदललं एवढंच, की आता पाणी नसलेल्या घरातला रोग पाणी असलेल्या घरात शिरू शकत होता. हक्क म्हणून जे मिळालं नाही, ते भीतीपोटी मिळालं.

पण उशीर झाला होता. साथ शहरात झपाट्याने पसरली. बसचालकांनी 17 मार्चला काम थांबवलं. मग भाडं माफ झालं आणि प्रवासी मागच्या दाराने चढू लागले. त्याच आठवड्यात एका चालकाने, बसमध्ये तोंड न झाकता खोकणाऱ्या प्रवाशाबद्दल कळवळून बोलतानाचा व्हिडिओ टाकला. दोन आठवड्यांच्या आत तो कोविडने गेला. घरी बसून काम करणं ज्यांना शक्य होतं, ते बहुतेक उपनगरात होते. बस चालवणारे, दुकानात माल लावणारे, वृद्धांची सेवा करणारे शहरात होते. एप्रिल 2020 मध्ये राज्याची आकडेवारी आली : लोकसंख्येत काळ्यांचं प्रमाण सुमारे 14 टक्के, कोविडच्या मृत्यूंत सुमारे 40 टक्के. विषाणू काही माणसाचा रंग विचारत नाही. पण मधुमेह, दमा, दाटीची घरं, तुटपुंजा विमा आणि बाहेर पडल्याशिवाय न भागणारी नोकरी, हे सगळं त्याला आयतंच मांडून ठेवलेलं मिळालं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच वसंतात फोर्डने शहराच्या पश्चिमेला, इप्सिलँटीजवळच्या रॉसनव्हिलच्या कारखान्यात व्हेंटिलेटर करायला घेतले आणि ऑगस्टअखेर 50,000 पुरे केले. तिथून जवळच, विलो रन इथे, महायुद्धात बॉम्बफेकी विमानं होत होती. म्हणजे क्षमता संपलेली नव्हती. मनात आणलं तर या प्रदेशाला चार महिन्यांत असं काम जमतं. मग पाण्याच्या नळाचं काम सहा वर्षांत का जमू नये?

31 ऑगस्ट 2020 ला शहराने आपल्या मृतांना निरोप दिला. तोवर दीड हजारांवर माणसं गेली होती, आणि टाळेबंदीमुळे बऱ्याच कुटुंबांना नीट अंत्यविधी करता आला नव्हता. नदीतल्या बेल आईल बेटावर रस्त्याच्या कडेने सुमारे 900 मृतांची मोठी छायाचित्रं लावली. नातेवाईक गाड्यांतून सावकाश त्यांच्या समोरून गेले. मोटारीच्या शहराने शोकही मोटारीतून केला.

त्या वाचलेल्या संग्रहालयात दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रं आहेत, 1932-33 मध्ये काढलेली, एकूण 27 चौकटींची. खाली कारखान्यात घाम गाळणारे कामगार. उत्तरेच्या भिंतीवर वर एका बाजूला विषारी वायूचे बॉम्ब बनवणारी माणसं, दुसऱ्या बाजूला एका बाळाला लस टोचणारा डॉक्टर, आणि पुढ्यात घोडा, गाय, मेंढ्या. कामगार आणि त्याच्या मुलाचं आरोग्य एकाच भिंतीवर. जे चित्र वाचवायला एवढा पैसा उभा राहिला, त्यात काय लिहिलंय हे वाचायला शहराला साथ यावी लागली.

आपल्या परंपरेत ऋणाचा विचार फार जुना आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन सगळ्यांना माहीत असतात. शतपथ ब्राह्मणात चौथंही आहे : मनुष्यऋण. ते फिटतं माणसांना आसरा आणि अन्न देऊन. मला यातला महत्त्वाचा भाग असा वाटतो, की हे ऋण कुठल्याही कागदावर सही करून घेतलेलं नसतं. माणसांत जन्मलो, म्हणून ते असतं. दिवाळखोरीच्या न्यायालयात फक्त सहीचं कर्ज दिसतं. तिथे रोखेधारकाचा वकील असतो. ज्या घराचा नळ तुटला, त्याचा दावा रांगेत नसतोच. न्यायालयाने 10 डिसेंबर 2014 ला डेट्रॉईटला दिवाळखोरीतून बाहेर काढलं, वही बंद केली. ज्या देण्याची नोंदच नव्हती, ते तसंच राहिलं आणि सहा वर्षांनी साथीने ते वसूल केलं. मूळ कर्ज ज्यांनी केलं, त्यांच्याकडून मात्र नाही.

यानंतरची हकीकत थोडक्यात. संघ सरकारकडून डेट्रॉईटला सुमारे 82 कोटी 60 लाख डॉलरची मदत मिळाली. नळतोडणीची स्थगिती 2022 अखेरपर्यंत वाढली, आणि 2022 मध्येच उत्पन्नानुसार पाणीपट्टीची योजना आली. 2023 मध्ये लोकसंख्या किंचित वाढली, 1957 नंतर पहिल्यांदा. 2024 मध्ये पतमानांकन सुधारलं. 1988 पासून बंद पडलेलं भव्य रेल्वे स्थानक फोर्डने दुरुस्त करून जून 2024 मध्ये उघडलं. हे सगळं चांगलंच झालं. पण नळतोडणीसुद्धा 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. भीती ओसरली की तिच्यासोबत आलेलं शहाणपणही ओसरतं.

आपल्याकडेही यंत्रमागाची, गिरण्यांची गावं आहेत, आणि त्यांच्या महापालिकांची अंदाजपत्रकं दरवर्षी मांडली जातात. पुढच्या वेळी असं अंदाजपत्रक हातात आलं, तर जमा-खर्चाच्या बेरजा पाहून झाल्यावर आणखी एक गोष्ट शोधा : ज्यांच्याकडे सहीचा कागद नाही, त्यांचं देणं यात कुठल्या पानावर आहे? ते पान सापडलं नाही, तर पुढची साथ येईपर्यंत ते लिहून घ्यायचं काम आपलं आहे.

इथे थांबतो. आता प्रश्न विचारा.