कुलाब्याच्या तोफा कोणाच्या?

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीची वाट पाहत तुमच्यापैकी अनेकजण कधी ना कधी उभे राहिले असतील. पाणी उतरलं की चपला हातात घेऊन माणसं कुलाबा किल्ल्याकडे चालू लागतात. ज्यांना चालवत नाही ते घोडागाडीत बसतात. आत गणपतीचं दर्शन झालं की पावलं आपोआप उत्तरेकडच्या तटाकडे वळतात. तिथे चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. मुलं त्यांवर बसतात, फोटो निघतात.

शाळेच्या सहलीत मीही असाच बसलो होतो. "ह्या कान्होजी आंग्र्यांच्या तोफा," असं गुरुजींनी सांगितलं आणि आमची छाती फुगली. पुढे कितीतरी वर्षं मी पाहुण्यांना हेच सांगत आलो. तोफेवर इंग्रजी अक्षरं आहेत, हे दिसत नव्हतं असं नाही. पण ती वाचावीशी वाटली नाहीत. एकदा मात्र वाचली. लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड.

हा लो मूरचा लोखंडाचा कारखाना ब्रॅडफर्डजवळचा. तो सुरू झाला १७९१ मध्ये. सरखेल कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. म्हणजे ज्या भट्टीत ह्या तोफा ओतल्या, ती पेटायलाच कान्होजींच्या मागे बासष्ट वर्षं जायची होती! खरं सांगायचं तर त्या दिवशी मी थोडा खट्टू झालो. इतक्या जणांना दिलेली माहिती आता परत कशी घ्यायची?

मग आंग्र्यांच्या आरमारावर तोफा होत्या तरी कशा? त्यांची मुख्य जहाजं दोन प्रकारची, गुराब आणि गलबत. तीन डोलकाठ्यांची मोठी गुराब सुमारे तीनशे टनांची. तिच्या नाळेवर नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा पुढे रोखलेल्या असत आणि बाजूंना त्याहून हलक्या. गलबतं लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, दोन ते चार पौंडी तोफांची. वारा पडला की हीच गलबतं गुराबांना ओढून नेत. युरोपीय जहाज शिडांवर अवलंबून. ते जागच्या जागी खोळंबलं की त्याच्या मागच्या बाजूने मारा करायचा. सगळी मदार तोफेच्या आकारावर नव्हती. आपल्या किनाऱ्याचा वारा, भरती-ओहोटी आणि खडक कोणाला ठाऊक आहेत, यावर होती. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून ह्याच कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. त्या वेळी लो मूरच्या तोफा इथे नव्हत्या, हे ध्यानात घ्यायला हवं.

शिवाय परदेशी तोफ म्हणजे काही कमीपणा नव्हे. आपल्याकडे पंचरशी तोफा उत्तम ओतल्या जात. लोखंडाच्या मात्र बहुधा पट्ट्या आणि कडी जोडून, ठोकून घडवाव्या लागत, कारण लोखंड पातळ करून साच्यात ओतायला लागणाऱ्या मोठ्या भट्ट्या आपल्याकडे नव्हत्या. म्हणून शिवकाळापासूनच टोपीकरांकडून तोफा विकत घेतल्या जात. ती एक मोठी अडचणच होती. ज्याच्याशी लढायचं, त्याच्याच दारात तोफ मागायला जायचं. पुढे १८४० मध्ये आंग्र्यांचं संस्थान कंपनी सरकारने खालसा केलं.

कान्होजींच्या काळाचं काही हाताला लागायला हवं असेल तर तोफेवरून उतरा आणि तटाकडे पाहा. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला, संभाजीराजांच्या कारकिर्दीत पुरा झालेला हा तट. मोठमोठे चिरे चुना न भरता एकावर एक रचले आहेत. लाट आदळते, फटींतून पाणी आत शिरतं आणि निथळून परत जातं, त्यामुळे तिचा जोर मोडतो. तीनशेहून अधिक पावसाळे त्याने असेच काढले आहेत.

अलीकडे सहलीची मुलं तोफेवर चढलेली दिसली की मी त्यांना आधी अक्षरं वाचायला लावतो. एक-दोघं मोठ्याने वाचतात, बाकीची हसतात. तेवढ्यात पाणी चढू लागल्याची हाक येते आणि सगळे किनाऱ्याकडे पळत सुटतात.