मणक्यातलं सिमेंट

म्हातारपणी बाई वाकली की आपण म्हणतो, वय झालं. पण पाळी गेल्यावर हाडं आतून विरळ होत जातात. मग घागर उचलताना, कधी नुसत्या खोकल्यानेही मणका दबतो. दबलेला मणका म्हणजे मोडलेलं हाडच. आमच्या गटांत त्यासाठी कर्जाची मागणी येते, 'सुईने मणक्यात सिमेंट भरायचंय' म्हणून. हे सिमेंट आलं कुठून, ते आज सांगतो.

घराचं सिमेंट नव्हे हे. दातांची कवळी ज्या ॲक्रिलिकची बनते, त्याच जातीचं. खुब्याचा कृत्रिम सांधा बसवायला डॉक्टर ते आधीपासून वापरत होते. १९८४ साली फ्रान्समधल्या आमियां शहरात गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी ते एका बाईच्या मानेच्या मणक्यात सुईने सोडलं. रक्तवाहिन्यांच्या गाठीने तिचा मणका पोखरला होता. सिमेंट आत घट्ट झालं, दुखणं थांबलं. पुढे तीच सुई ठिसूळ हाडांसाठी वापरात आली. अमेरिकेत मार्क रायली यांनी आधी मणक्यात छोटा फुगा फुगवून जागा करायची रीत काढली. मोठी चिरफाड नाही, म्हणून उपचार झपाट्याने पसरला.

खरी परीक्षा झाली २५ वर्षांनी, २००९ साली. एक अभ्यास ऑस्ट्रेलियात डॉ. रेचेल बुकबाइंडर यांचा, दुसरा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने. साधारण निम्म्या रुग्णांना खरं सिमेंट, बाकीच्यांना नुसतं सोंग. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक नाही. दुसऱ्या अभ्यासात तर सोंग वठावं म्हणून सिमेंटच्या रसायनाची बाटली उघडून वास येऊ दिला! महिन्याभराने पाहिलं, तर दोन्हीकडचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालेलं. डॉक्टरांत यावरून मोठा वाद पेटला. मणका नुकताच दबलाय आणि दुखणं असह्य आहे, अशांना फायदा होतो, असं काहींचं म्हणणं आहे.

म्हणून अर्ज आला की आम्ही विचारतो, मणका दबून किती दिवस झाले? गोळ्या नि पट्टा किती आठवडे घेतला? बऱ्याच जणींचं दुखणं काही आठवड्यांत आपोआप उतरतं. सिमेंट कधी मणक्याबाहेर झिरपतं, हेही डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगतो. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र बैठकीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी मोठा दवाखाना. आणि सिमेंट भरलं तरी शेजारचा मणका ठिसूळच राहतो. त्याचं औषध वेगळं असतं. ते सुरू केलं का, हेही आम्ही अर्जावर लिहून घेतो.