अध्यक्षीय प्रचारातील परराष्ट्र-सल्लागार

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार उभा राहिला की परराष्ट्र धोरणातले मुरलेले जाणकार त्याच्याभोवती जमतात. त्यांची निष्ठा माणसापेक्षा खुर्चीवर अधिक, असे म्हणायला जागा आहे. हेन्री किसिंजर १९६८ मध्ये नेल्सन रॉकफेलर यांचे सल्लागार होते. उमेदवारी पटकावली निक्सन यांनी, आणि १९६९ मध्ये त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले ते किसिंजरच.

जिमी कार्टर परराष्ट्र व्यवहारात नवखे. डेव्हिड रॉकफेलर यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये निघालेल्या ट्रायलॅटरल कमिशन या धोरणविषयक मंचात त्यांची जणू शिकवणीच झाली. कमिशनचे संचालक ब्रझेझिन्स्की हेच १९७६ च्या प्रचारात त्यांचे सल्लागार होते. २००० साली धाकट्या बुश यांच्यासाठी कोंडोलिझा राइस यांनी ही भूमिका बजावली.

२०१६ मध्ये मात्र उलटे घडले: ५० रिपब्लिकन सुरक्षातज्ज्ञांनी जाहीर पत्र काढून ट्रम्प यांना विरोध केला. तरीही ट्रम्प निवडून आले.

भारतात राष्ट्रपती आमदार-खासदारांच्या मतांवर ठरतो आणि धोरण मंत्रिमंडळ आखते, त्यामुळे अशा सल्लागारांना इथे कामच उरत नाही. उमेदवारी ठरते ती पक्षांच्या होकार-नकारावर: लोकसभेचे माजी अध्यक्ष आणि लातूरचे माजी खासदार शिवराज पाटील चाकूरकर यांचे नाव २००७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी चर्चेत आले. ते अडले डाव्या पक्षांच्या नकारावर, आणि उमेदवारी प्रतिभा पाटील यांना मिळाली.