मरणाची बोळवण

प्रायश्चित्तकाळातील चौथा रविवार हा ख्रिस्तसभेच्या उपासनेत आनंदाचा रविवार मानला जातो. जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे परिधान करण्याची मुभा त्या दिवशी असते आणि प्रवेशगीताचा पहिला लॅटिन शब्द 'लेतारे', म्हणजे 'आनंद करा', असाच आहे. मध्ययुगीन पोलंडच्या खेड्यापाड्यांतून मात्र या रविवारी आणखी एक सोहळा होत असे. पेंढ्याची स्त्रीप्रतिमा करून, तिला जुनी वस्त्रे नेसवून, मण्यांच्या माळा आणि फितींनी सजवून, गाणी म्हणत गावाबाहेर नेत. तेथे तिला पेटवीत किंवा पाण्यात बुडवीत. पाण्यात पडलेल्या प्रतिमेला स्पर्श करायचा नाही, परतताना मागे वळून पाहायचे नाही. पाहिल्यास आजारपण येते, अशी समजूत होती.

या प्रतिमेला पोलिश लोक 'मझान्ना' म्हणत. चेक व स्लोव्हाक लोकांत ती 'मोराना' किंवा 'मोरेना' झाली. या नावाचे मूळ अनेक अभ्यासक मरणवाचक 'मोर' या धातूत शोधतात. संस्कृत 'मृ' आणि आपल्या मराठीतील 'मरण' हे त्याच प्राचीन कुळातील शब्द होत. हिमाने गोठलेल्या भूमीत हिवाळा आणि मरण यांत फारसा भेद नव्हता. म्हणूनच मरणाची बोळवण झाली, की काही गावांतील मुली रंगीत फितींनी सजविलेली हिरवी फांदी घेऊन घरोघर वसंताची वार्ता सांगत फिरत.

नवलाची गोष्ट अशी, की या प्रथेची जुनी साक्ष आपल्याला मिळते ती तिच्यावरील बंदीतून. १३६६ साली प्राग येथील धर्मपरिषदेने आणि १४२० साली पोझनान येथील धर्मपरिषदेने, मरणाची प्रतिमा मिरवून पाण्यात टाकण्याच्या या रीतीस अंधश्रद्धा ठरवून धर्मगुरूंना ती रोखण्याची आज्ञा दिली. ज्या लेखणीने प्रथा पुसू पाहिली, तिनेच ती इतिहासासाठी राखून ठेवली!

त्याच शतकात क्राकोवचे धर्मगुरू आणि पोलंडचे थोर इतिहासकार यान द्वुगोश (१४१५-१४८०) यांनी याच प्रथेचा निराळाच अर्थ लावला. राज्यकर्ता मिएश्को पहिला याने ९६६ साली स्नानसंस्कार स्वीकारला, त्या सुमारास जुन्या देवतांच्या मूर्ती फोडून पाण्यात बुडविण्यात आल्या आणि आनंदाच्या रविवारची ही रीत त्या घटनेचीच स्मृती आहे, असे त्यांनी लिहिले. मझान्नेची तुलना त्यांनी रोमन लोकांच्या धान्यदेवतेशी केली आहे. धर्मपरिषदेस जे मूर्तिपूजेचे अवशेष वाटले, ते या धर्मगुरूला मूर्तिपूजेच्या त्यागाचे स्मरण वाटले.

यांपैकी खरे कोणते? द्वुगोश लिहीत होते ते घटनेनंतर पाच शतकांनी, तेव्हा त्यांचे कथन पुरावा म्हणून जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. मझान्ना ही खरोखर देवता होती काय, याविषयीही आधुनिक संशोधक साशंक आहेत. परंतु एक गोष्ट निश्चित : त्या गावकऱ्यांनी आपल्या सोहळ्यासाठी निवडलेला दिवस उपासना-पंचांगातीलच होता. उपवासाचा अर्धा मार्ग सरला, पुनरुत्थान समीप आले, हे त्यांना मंदिरातही ऐकू येत होते आणि वितळत्या नदीकाठीही दिसत होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात म्हटले आहे, की लोकांच्या जीवनरीतीत जे अंधश्रद्धेशी अभेद्यपणे जखडलेले नाही, त्याकडे ख्रिस्तसभा सहानुभूतीने पाहते. हा विवेक सोपा नाही. लोकरीतीतील भय कोणते आणि आशा कोणती, हे दुरून आज्ञा देणाऱ्यास कळत नाही. त्यासाठी लोकांबरोबर नदीपर्यंत चालत जावे लागते.

बंदीला सहा शतके उलटली, तरी मझान्ना पोलंडमधून गेलेली नाही. सायलीसिया व इतर भागांत २१ मार्चच्या सुमारास शाळकरी मुले तिला वाजतगाजत पाण्याकडे नेतात. आजारपणाचे भय ओसरले, देवतेचा वाद पंडितांकडे गेला. मुलांच्या हाती उरला तो हिवाळा संपल्याचा निखळ आनंद.