परधानाचा बाणा आणि जनगढचे ठिपके

२०१८ मध्ये रेल्वेच्या सुशोभन स्पर्धेत चंद्रपूर आणि बल्लारशाह या स्थानकांनी पहिला क्रमांक पटकावला. भिंतींवर ताडोब्याचे वाघ होते, आदिवासी चित्रं होती. मात्र ज्याला आज सगळे ‘गोंड चित्र’ म्हणतात, शिंगांतून झाड फुटलेलं ते ठिपक्याठिपक्यांचं हरीण, ते काही चांद्याच्या, म्हणजे जुन्या चंद्रपूरच्या, गोंड दरबारातून आलेलं नाही. त्याचं वय जेमतेम पंचेचाळीस, आणि ते घडवलं गाव सोडून शहरात गेलेल्या एका परधानानं.

परधान म्हणजे गोंडांचे भाट. कुळांच्या, देवांच्या, राजांच्या कथा गाऊन सांगायच्या आणि यजमानानं त्यांना दान द्यायचं, ही रीत. साथीला तंतुवाद्य: मंडल्याकडे त्यांच्या हाती बाणा, तर चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादेत किंगरी. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला. गावकोटाच्या जटपुरा दरवाज्यावरचा हत्तीवर चढलेला सिंह, गोंड राजांचं चिन्ह, दगडात राहिला. राजांची कीर्ती गाणाऱ्यांना मात्र दरबार उरला नाही.

मंडल्याकडच्या पाटणगढला शामराव हिवाळे हा मराठी माणूस मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनसोबत राहिला होता. परधानांवरचं त्याचं पुस्तक १९४६ चं. पुढे त्याच गावात ठिपक्यांचा तो परधान, जनगढसिंह श्याम, जन्मला.

१९८१ मध्ये भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी कलावस्तू गोळा करत फिरणाऱ्यांना जनगढनं रंगवलेली भिंत दिसली. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्या तरुण पोराला भोपाळला आणलं. तिथं कागद मिळाला, शाई मिळाली. विषय मात्र त्यानं घरूनच आणले होते. बाण्यावर गाइले जाणारे देव तो काढू लागला. आकृतीची कड ओढायची आणि पोट बारीक ठिपक्यांच्या ओळींनी भरत न्यायचं. लांबून पाहिलं की अंग थरथरल्यासारखं वाटतं. आज बाजारात या ठिपक्यांची नक्कल स्वस्तात मिळते. त्यामागची कथा ठाऊक असलेला हात मिळणं अवघड.

१९८९ मध्ये जनगढची चित्रं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात लागली. पुढे भोपाळच्या विधान भवनातही त्यानं भिंती रंगवल्या. २००१ मध्ये जपानच्या मिथिला म्युझियममध्ये काम करत असताना त्यानं जीवन संपवलं.

त्याच्यामागून पाटणगढहून कितीतरी नातेवाईक भोपाळला आले होते. पुतण्या भज्जू श्याम त्यांतलाच. आधी रात्रपाळीचा पहारेकरी, मग काकाचा मदतनीस. लंडनच्या एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला तो गेला आणि परतल्यावर ते शहरच त्यानं गोंडी नजरेनं चितारलं: भुयारी रेल्वे म्हणजे गांडूळ, बिग बेन म्हणजे कोंबडा, आणि रोज इमानानं न्यायला येणारी ३० नंबरची बस म्हणजे कुत्रा.