शोधण्यासाठीचे इंग्रजी शब्द कुठून आले?

'रिसर्च म्हणजे री-सर्च, पुन्हा पुन्हा शोधणे' हे वाक्य विज्ञान-प्रदर्शनाच्या उद्‌घाटनात हमखास ऐकायला मिळते. कल्पना चांगली आहे. शब्दाचा इतिहास मात्र तसा नाही. 'सर्च' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'सिर्कारे' या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ गोल फिरणे, फेरी मारणे. 'सर्कल' आणि 'सर्कस' हे त्याचेच नातेवाईक. फ्रेंचांनी त्याला जोडलेला 'रे' हा उपसर्ग इथे 'पुन्हा' या अर्थाचा नसून जोर देणारा आहे. म्हणजे रिसर्च म्हणजे कसून शोधणे. आपल्या 'संशोधन' शब्दातला 'सं' नेमके हेच काम करतो. पुढचा 'शोध' मात्र वेगळ्या गावचा आहे. तो 'शुध्' म्हणजे शुद्ध होणे या धातूपासून आला आहे. गाळ काढला की मागे उरते ते सापडले, असा त्यातला विचार दिसतो. हिंदीने हा जुना अर्थ सांभाळला, म्हणून तिथे 'संविधान संशोधन' म्हणजे घटनादुरुस्ती.

शोधण्याबद्दलच्या इंग्रजी क्रियापदांची यादी घेऊन बसले की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की त्यातले बरेचसे शब्द अभ्यासिकेत जन्मलेले नाहीत. ते रानात जन्मले आहेत. 'इन्व्हेस्टिगेट' घ्या. लॅटिनमध्ये 'वेस्टिजियम' म्हणजे पावलाचा ठसा. ठशांवरून जनावराच्या मागावर जाणे ते इन्व्हेस्टिगेट. आपले 'माग काढणे' याहून वेगळे काय आहे? 'एक्सप्लोअर'ची जुनी व्युत्पत्ती 'ओरडणे' या अर्थाच्या क्रियापदापर्यंत जाते. शिकारी आरडाओरडा करून जनावर उठवतात, ती कल्पना. आपल्याकडच्या हाकाऱ्यांची आठवण व्हावी अशीच. 'अनअर्थ' हा शब्द आज पुरातत्त्वज्ञ वापरतात, पण कोल्ह्याच्या बिळाला इंग्रजीत 'अर्थ' म्हणतात आणि कोल्ह्याला तिथून हुसकून बाहेर काढणे हा त्या क्रियापदाचा जुना अर्थ.

'फेरेट आउट'ची गोष्ट याहून गमतीची. फेरेट हा मुंगसासारखा लांबट, बिळात सहज शिरणारा पाळीव प्राणी. त्याचे नाव लॅटिनमधल्या 'फूर' म्हणजे चोर या शब्दावरून पडले. फेरेट म्हणजे छोटा चोर. (आपले कोशकारही 'मूषक' शब्दाचा संबंध 'मुष्', म्हणजे चोरणे या धातूशी जोडतात.) पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की बॅलिॲरिक बेटांवर सशांनी पिकांचा इतका फडशा पाडला, की तिथल्या लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली. बिळात फेरेटसारखा प्राणी सोडून ससे बाहेर काढण्याची रीतही तो नोंदवतो. दडलेली माहिती बाहेर काढणारा वार्ताहर आज हेच क्रियापद वापरतो.

'रिट्रीव्ह'ही शिकारीतलाच. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ पुन्हा सापडणे. उठवलेला तितर नजरेआड झाला की कुत्र्याने त्याला पुन्हा हुडकायचे. इथला 'रे' खरोखरच 'पुन्हा' या अर्थाचा आहे! कॅल्व्हिन मूअर्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० साली 'इन्फर्मेशन रिट्रीव्हल' ही संज्ञा रूढ केली आणि कुत्र्याचे काम ग्रंथालयात आणि पुढे संगणकात आले.

रानातून घरात येऊ. 'रॅनसॅक' हा शब्द उत्तरेच्या नॉर्स लोकांनी इंग्रजीला दिला. 'रान' म्हणजे घर, आणि पुढचा भाग 'सीक' या क्रियापदाचा भाऊबंद. चोरीच्या मालासाठी घराची झडती घेणे हा मूळ अर्थ. आइसलंडच्या जुन्या कायद्यांच्या संग्रहात अशा झडतीवर स्वतंत्र प्रकरण आहे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ घसरत लुटालुटीवर आला, आणि आइसलंडमध्ये मात्र तो इतका चढला की तिथे आज वैज्ञानिक संशोधनाला 'रान्सोक्न' म्हणतात.

'रमेज' बंदरावरचा. सोळाव्या शतकात गलबताच्या पोटात पिपे नीट रचून ठेवण्याला हे नाव होते. रचलेले पाहायचे तर उचकावे लागते, आणि लपवलेला माल शोधायचा तर उचकावेच लागते. असा अर्थ सरकत गेला. मुंबईच्या कस्टम्स खात्यातही जहाजाच्या झडतीला 'रमेजिंग' म्हणतात.

खणण्याच्या शब्दांपैकी एकाकडे विज्ञानशिक्षकांनी जरूर लक्ष द्यावे. 'फॉसिल' लॅटिनमधल्या 'खणणे' या क्रियापदापासून झाला आहे. जॉर्जियस ॲग्रिकोलाने १५४६ साली फॉसिलांवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्यात माती, क्षार, रत्ने, धातू असे जमिनीतून खणून निघणारे सारे काही होते. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या अवशेषांपुरता हा शब्द नंतर अरुंद झाला. म्हणजे ॲग्रिकोलाच्या अर्थाने त्याला अचूक मराठी शब्द 'जीवाश्म' नसून 'खनिज' आहे.

आता एका तक्रारीबद्दल. डिस्कव्हरी आणि इन्व्हेन्शन या दोहोंना मराठीत 'शोध' हा एकच शब्द आहे. गुरूच्या उपग्रहांचाही शोध आणि वाफेच्या इंजिनाचाही शोध. तेव्हा मराठी विज्ञानाला अपुरी पडते, असे शिक्षकही म्हणताना मी ऐकले आहे. मला हे पटत नाही. 'इन्व्हेन्ट'चा लॅटिनमधला अर्थ समोर येणे, सापडणे एवढाच आहे. रोमन चर्च १९६० पर्यंत ३ मे रोजी 'क्रूसाच्या इन्व्हेन्शन'चा सण पाळत असे, आणि त्यात क्रूस कोणी नव्याने बनवला असे म्हणायचे नव्हते. तो सापडला असे म्हणायचे होते. 'डिस्कव्हर' म्हणजे झाकण काढणे. इंग्रजीने या दोन शब्दांत वाटणी केली ती गरज पडली तेव्हा, वापरून वापरून. मराठीतही 'सापडणे' आणि 'शोधून काढणे' वेगळे आहेतच. उपग्रह सापडले, इंजिन बनवले, असे सरळ लिहायला कोणाची हरकत आहे?

हे सगळे शब्द एका खणात आणून ठेवले पीटर मार्क रॉजे याने. हा व्यवसायाने डॉक्टर. १७९९ च्या आधीच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने एडिंबरोची पदवी मिळवली. घातांक काढता येतील अशी सरकपट्टी त्याने तयार केली, फिरत्या चाकाच्या आऱ्या फटींतून वाकड्या का दिसतात यावर निबंध लिहिला आणि १८२७ ते १८४८ तो रॉयल सोसायटीचा चिटणीस होता. शब्दांची वर्गवारी त्याने १८०५ मध्येच स्वतःसाठी करून ठेवली होती. 'थिसॉरस' छापला गेला १८५२ साली, तो त्र्याहत्तर वर्षांचा असताना. प्राणी-वनस्पतींचे वर्ग पाडतात तसे त्याने कल्पनांचे सहा वर्ग आणि एक हजार गट पाडले. 'चौकशी' या गटात फेरेट, रमेज आणि रॅनसॅक शेजारी शेजारी बसले.

काम अफाट आहे. पण संग्रहालयातल्या नमुन्यावरची 'कुठे सापडला' ही चिठ्ठी निघून गेली की त्या नमुन्याची निम्मी किंमत जाते. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घेताना आपण हीच चिठ्ठी फाडून टाकतो. 'एक्सप्लोअर द ड्रॉवर फॉर माय पेन' असे लिहिणाऱ्या मुलाची चूक व्याकरणाची नसते.

हाच खेळ वर्गात मराठीतून करून पाहता येईल. हुडकणे, चाचपणे, उकरणे, धुंडाळणे, उपसणे, छडा लावणे असे शब्द फळ्यावर लिहावेत आणि कोणता शब्द हाताचा, कोणता पायाचा, कोणता डोळ्यांचा हे मुलांनी ठरवावे. 'पिंजून काढणे' कापूस पिंजणाऱ्याकडून आले हे कोणीतरी सांगेल. संस्कृत 'गवेषणा' शब्दाची फोड मात्र आधी सांगू नये. त्यात 'गो' आहे एवढाच इशारा पुरे. हरवलेली गाय कधी शोधली असेल ते मूल बाकीचे सांगेल.